मदरबोर्ड बदलला आणि फाइली दिसेनाशा झाल्या: काय तपासायचं, कुठे थांबायचं

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा फोन येतो. "दादा, बोर्ड बदलला, कॉम्प्युटर मस्त चालू झाला, पण डी ड्राइव्हच नाही." कधी बोर्ड माझ्याच दुकानात बदललेला असतो, बहुतेक वेळा दुसरीकडे किंवा घरच्या घरी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून जुने एच६१ चिपसेटचे बोर्ड काढून नवे बसवणाऱ्यांची रांग लागली आहे. त्यांच्यामागोमाग फाइली शोधत येणारेही वाढलेत.

तुमचं दुखणं यातलं कुठलं ते आधी ओळखा:

- काळा पडदा, त्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा तशाच अर्थाची एक ओळ.
- विंडोजचा लोगो येतो, मग निळा पडदा, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', आणि मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट.
- निळ्या पडद्यावर 'रिकव्हरी की' टाका म्हणून ४८ आकड्यांसाठी रिकामी जागा.
- विंडोज सुरू होतं, पण सी सोडून एकही ड्राइव्ह नाही. किंवा डी दिसतो आणि क्लिक केलं की 'आधी फॉरमॅट करा' म्हणतो.
- नवं विंडोज टाकलंय आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सगळं रिकामं.
- फाइल जागेवर आहे, पण परवानगी नाही म्हणते, किंवा उघडल्यावर मराठीच्या जागी कचरा दिसतो.

काही करण्याआधी

मदरबोर्डवर तुमची एकही फाइल नसते. लग्नाचे फोटो, टॅली, मुलीचा प्रोजेक्ट, सगळं हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतं, आणि ती डिस्क बोर्ड बदलला तरी तीच राहते. अपवाद काही पातळ लॅपटॉपचा आणि अलीकडच्या मॅकबुकचा. त्यांत स्टोरेज बोर्डलाच सोल्डर केलेलं असतं, म्हणजे बोर्ड गेला की फाइलीही गेल्या. तसं मशीन असेल तर जुना बोर्ड कुणाला देऊ नका, फेकू नका आणि खालचं काही करत बसू नका. थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

बाकीच्यांसाठी माझ्या टेबलावरचा एकच नियम. फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरेपर्यंत पडद्यावर 'फॉरमॅट', 'इनिशियलाइझ', 'रीसेट' किंवा 'क्लिअर' असं काहीही विचारलं, की 'कॅन्सल'. सुरू होताना विंडोज स्वतःहून डिस्क तपासायला लागलं, तर तेही कुठलंही बटण दाबून थांबवा. आजारी डिस्कवर ती तपासणी दुरुस्तीपेक्षा मोडतोड जास्त करते. आजवर माझ्याकडे खरोखर गेलेल्या फाइली आल्या, त्यातल्या बहुतेक बोर्ड बदलल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी घाईने 'येस' म्हटल्यामुळे गेलेल्या होत्या. "चल, फॉरमॅट मारून बघू" हे वाक्य तर मी दुकानात बंदच केलंय.

१. केबल आणि खाच

फुकटचं काम, म्हणून आधी हे. मशीन बंद करा, प्लग काढा. डिस्कला दोन केबल असतात, एक डेटाची आणि एक करंटची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. डेटाची साटा केबल शे-दीडशे रुपयांत नवी मिळते. जुनी वाकलेली असेल तर बदलूनच टाका. मग मशीन सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जा आणि डिस्कचं नाव नि आकार तिथे दिसतो का बघा. दिसला, तर डिस्क निदान जिवंत आहे आणि बोर्डाशी बोलते आहे. विंडोज काय म्हणतं ते नंतर बघू.

दिसत नसेल तर बोर्डाचं पुस्तक काढा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ ची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची, खाच वापरली की साटाचं एखादं पोर्ट आपोआप बंद होतं. कुठलं, ते पुस्तकातल्या तक्त्यात दिलेलं असतं. तुमची जुनी डिस्क नेमकी त्याच पोर्टात खोचलेली असते. उलटाही प्रकार होतो. जुनी एम.२ एसएसडी साटा जातीची असते आणि नव्या बोर्डाची खाच फक्त एनव्हीएमई ही जास्त वेगवान जात वाचते. दोन्ही पट्ट्या खाचेत बसतात, त्यामुळे बसवणाऱ्याला काही कळत नाही. अशी पट्टी दुसऱ्या खाचेत लावून बघा, नाहीतर साटा एम.२ चा यूएसबी डबा आणा.

आता करंटची केबल. बोर्डाबरोबर एसएमपीएस, म्हणजे करंट पुरवणारा डबाही बदलला असेल, तर हा परिच्छेद दोनदा वाचा. एका फोटो स्टुडिओवाल्या ताईंनी बोर्डासोबत नवा मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, एसएमपीएस घेतला होता. जुन्याच्या केबल कॅबिनेटमध्ये छान बांधून ठेवलेल्या, म्हणून बसवणाऱ्याने त्याच नव्या एसएमपीएसमध्ये खोचल्या. डिस्कच्या टोकाला सगळ्या साटा केबल सारख्याच असतात. एसएमपीएसच्या टोकाला मात्र पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही वेगळी असते. पाच व्होल्टच्या वाटेने बारा गेले. हार्ड डिस्कवर अशा वेळेसाठी टीव्हीएस नावाचा एक बारका डायोड असतो. तो स्वतः शॉर्ट होऊन मेला म्हणून बाकीचं सर्किट वाचलं. तो काढून मी ती डिस्क एकदाच चालवली, दोन वर्षांची लग्नं उतरवून घेतली आणि डिस्क ताईंच्या हातात दिली. दुसरी एसएसडी होती. तिच्यातून काहीच निघालं नाही.

म्हणून जुन्या एसएमपीएसची एकही केबल नव्याला लावायची नाही. लावून मशीन चालू केलं असेल आणि डिस्क गप्प असेल, तर पुढचं काहीही करू नका. थेट खालच्या 'थांबा' या भागाकडे जा.

२. डिस्क बायोसमध्ये दिसते, पण विंडोज सुरू होत नाही

विंडोज सुरू होणं आणि फाइली वाचता येणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक दोन्ही एकत्र करतात आणि विंडोज चालू करण्याच्या नादात फाइली घालवतात. तुम्हाला फाइलीच हव्या असतील तर सोपा रस्ता हा: डिस्क काढा, साटा-टू-यूएसबी कन्व्हर्टर लावा किंवा एनव्हीएमई असेल तर तिचा डबा आणा, आणि दुसऱ्या चालू कॉम्प्युटरला जोडा. बहुतेक वेळा पाच मिनिटांत सगळे फोल्डर समोर असतात. आधी कॉपी करा, मग निवांत विंडोजशी भांडा.

दुसरा कॉम्प्युटर नसेल तर पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून 'ट्राय' मोडमध्ये सुरू करा. तिथे इन्स्टॉलचं बटण दाबायचं नाही. लिनक्सने डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली तर घाबरू नका. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळे शटडाउन केलं तरी ते अर्धवट झोपलेलंच असतं, आणि लिनक्स अशा डिस्कवर लिहायला नकार देतं. आपल्याला लिहायचं नाहीच.

विंडोज का चालत नाही, याची माझ्याकडे येणारी दोन नेहमीची कारणं. पहिलं एच६१ वरून एच६१० सारख्या बोर्डावर उडी मारणाऱ्यांचं. जुनं विंडोज लेगसी या जुन्या बूट पद्धतीने, एमबीआर नावाच्या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं असतं. नव्या बोर्डाला यूईएफआय ही नवी बूट पद्धत हवी, आणि वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर त्यावर लेगसी बूटचा सीएसएम पर्याय सहसा चालतच नाही. मग काळा पडदा. डिस्कला काही झालेलं नसतं. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आहे, ते फाइली न पुसता डिस्कची मांडणी एमबीआरवरून नव्या जीपीटीवर नेतं. पण एक्स्टेंडेड पार्टिशन, म्हणजे ज्याच्या पोटात आणखी तुकडे पाडलेले असतात तो तुकडा, असलं की ते नाही म्हणतं. आपल्याकडे दुकानदारांनी एका डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार तुकडे करून दिलेले असतात, आणि चार तुकडे म्हटले की एक्स्टेंडेड बहुतेक आलंच. तेव्हा आधी कॉपी, मग नवं विंडोज. मी तरी ग्राहकाच्या एकुलत्या एका डिस्कवर कॉपी न घेता हे साधन कधी चालवत नाही.

दुसरं कारण साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते. जुना बोर्ड रेड किंवा इंटेल आरएसटीवर होता, नवा एएचसीआयवर आहे, किंवा उलट. त्यातून 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. बायोसमध्ये तो पर्याय एकदा बदलून बघायला हरकत नाही, डिस्कवर त्याने काही लिहिलं जात नाही. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेलवर 'व्हीएमडी' नावाचा पर्याय असतो. तो चालू असेल तर विंडोजच्या सेटअपला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही, आणि मग माणूस समोर दिसणारी एकमेव डिस्क निवडून मोकळा होतो. ती असते फोटोंची. पण दोन डिस्क मिळून खरोखरचं रेड केलेलं असेल, तर मोड बदलायचा नाही आणि डिस्कही हलवायच्या नाहीत.

३. ४८ आकडे मागतोय

हा प्रकार दोन-तीन वर्षांत फार वाढला. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लागणारं कुलूप, कित्येक मशीनवर आपोआप चालू होतं, आणि २४एच२ आवृत्तीपासून ते आणखी मशीनवर होतं. कुलपाची किल्ली टीपीएम या सुरक्षेच्या भागात असते आणि टीपीएम जुन्या बोर्डावर किंवा जुन्या प्रोसेसरमध्ये. बोर्ड बदलला की विंडोजला वाटतं, डिस्क चोरून दुसऱ्या मशीनला लावली. म्हणून ते रिकव्हरी की मागतं. पिनही याच कारणाने चालेनासा होतो. तिथे खात्याचा पासवर्ड टाकला की काम होतं.

की शोधायची कुठे? पडद्यावर 'की आयडी' दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं लिहून घ्या. मोबाइलवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये बिटलॉकरच्या, म्हणजे विंडोजच्या याच कुलपाच्या, की असतात, त्यातली त्याच आयडीची घ्या. तिथे नसेल तर मशीन पहिल्यांदा कुणाच्या ईमेलने सुरू केलं होतं ते आठवा. एका मुलाचे आईवडील काकुळतीला आले होते, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अडकलेला. त्याच्या खात्यात की नाही, वडिलांच्या खात्यात नाही. तासाभराने आठवलं, की दिवाळीत मशीन आणलं तेव्हा मावसभावाने आपल्या ईमेलने सुरू करून दिलं होतं. त्याला फोन लावला, त्याने की वाचून दाखवली, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ऑफिसचं किंवा कॉलेजचं खातं असेल तर की तिथल्या आयटीवाल्यांकडे मिळते.

एएमडीवाल्यांनी आणखी एक सांभाळायचं. नवा प्रोसेसर किंवा बोर्ड लावल्यावर सुरू होतानाच एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधला टीपीएम, रीसेट करू का, असा वाय की एन प्रश्न येतो. की हातात नसेल तर 'वाय' दाबू नका. जुना बोर्ड अजून चालत असेल, तर जुना बोर्ड नि जुना प्रोसेसर पुन्हा जोडा. डिस्क बहुतेक वेळा की न मागता उघडते. मग सेटिंगमधून एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा, ते संपेपर्यंत थांबा आणि त्यानंतर बोर्ड बदला.

की कुठेच मिळाली नाही आणि जुना बोर्डही गेला, तर तिथे संपलं. मी उघडू शकत नाही, मुंबईतला महागडा रिकव्हरीवालाही नाही. "बिटलॉकर तोडून देतो, अर्धे पैसे आधी" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

४. विंडोज चालू, पण ड्राइव्ह नाही

स्टार्टवर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे काय दिसतं त्यावर सगळं अवलंबून आहे.

पार्टिशन निळं, निरोगी, पण अक्षर नाही? राइट क्लिक करून अक्षर द्या, संपलं. गायब झालेल्या डी ड्राइव्हचं बऱ्याचदा एवढंच असतं, आणि मला त्याचे पैसे घ्यायचीही लाज वाटते. 'ऑफलाइन' लिहिलंय? जुन्या डिस्कचा क्लोन करून दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्या की असं होतं. एक काढून ठेवा. 'फॉरेन' म्हणजे डिस्क दुसऱ्या मशीनवर डायनॅमिक केलेली आहे, तिथे 'इम्पोर्ट' चालतं. पण विंडो उघडताच 'इनिशियलाइझ करा, एमबीआर की जीपीटी' असं विचारलं, तर कॅन्सल. फायली असलेली डिस्क कोरी वाटतेय, म्हणजे मांडणी वाचता येत नाहीये. आणि 'रॉ' दिसलं, म्हणजे पार्टिशनची आतली मांडणी विंडोजला ओळखू येत नाहीये, तर हात बाजूला.

५. नवं विंडोज टाकलं, आता जुनं कुठे?

फॉरमॅट न करता त्याच सी ड्राइव्हवर विंडोज टाकलं असेल, तर सीमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर असतो. त्यात 'यूजर्स', त्यात तुमचं जुनं नाव, त्यात डेस्कटॉप. आजच कॉपी करा, विंडोज तो फोल्डर काही दिवसांनी स्वतःहून उडवतं. परवानगी नाही म्हणालं तर 'कंटिन्यू' दाबा आणि थांबा. जुन्या मशीनवरचे तुम्ही आणि नव्यावरचे तुम्ही ही विंडोजच्या दृष्टीने दोन वेगळी माणसं आहेत, म्हणून ते अडवतं. डेस्कटॉप तिथेही रिकामा असेल तर वनड्राइव्हचा फोल्डर आणि वनड्राइव्हची वेबसाइट बघा. विंडोज कित्येकदा डेस्कटॉप हळूच तिकडे हलवून ठेवतं. कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' दिसलं तर त्याचा फाइलींशी काही संबंध नाही.

मराठीत कचरा दिसण्याचं कारण मात्र वेगळंच. एक निवृत्त गुरुजी आले होते, गावाचा इतिहास टाइप केलेला, चारशे पानं. नव्या मशीनवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. "व्हायरस शिरला हो," म्हणाले, आणि घरच्या कुणीतरी ती फाइल पुसायचा सल्लाही दिलेला. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टमध्ये होता, नव्या विंडोजमध्ये तो फॉण्टच नव्हता. सी-डॅकच्या आयएसएम या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये टाइप केलेल्या सुरेख, योगेश फॉण्टच्या फाइलींचंही असंच होतं. जुनी डिस्क यूएसबीने जोडली, तिच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉण्ट्समधून लागणारे फॉण्ट उचलून नव्या मशीनवर बसवले आणि वर्ड पुन्हा उघडलं. पहिल्या पानावर ग्रामदैवताचं नाव दिसलं तसे गुरुजी खुर्ची ओढून बसले आणि तिथंच एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त करायला लागले.

६. फॉरमॅट झालंच असेल तर

साधी हार्ड डिस्क असेल तर ती लगेच काढा. क्विक फॉरमॅटने यादी जाते, मजकूर तिथेच असतो, त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. दुसऱ्या मशीनला जोडून टेस्टडिस्क किंवा फोटोरेक हे फाइली परत काढणारे प्रोग्रॅम चालवा. निघालेल्या फाइली तिसऱ्या डिस्कवर घ्या, त्याच डिस्कवर कधीच नाही. एसएसडीची गोष्ट वेगळी. फॉरमॅट करताच विंडोज तिला ट्रिमचा हुकूम देतं आणि रिकाम्या झालेल्या जागा एसएसडी स्वतः साफ करते. तिथे आशा फार थोडी. मी ग्राहकाला हे आधी सांगतो, मगच हात लावतो.

थांबा, आणि डिस्क जाणकाराकडे द्या

डिस्क टक-टक करते, किंवा फिरून बंद पडते. जळका वास आला. चुकीची करंटची केबल लागली होती. डिस्क तीन मशीनवर बायोसमध्येही दिसत नाही. कॉपी करताना वेग तळाला जातो आणि डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅम 'कॉशन' किंवा 'बॅड' दाखवतो. रेड तुटलंय. डिस्क 'रॉ' आहे आणि फाइलींची दुसरी प्रत कुठेही नाही. यातलं एक जरी असेल तर पुन्हा चालू करून बघू नका. दर वेळी चालू करताना डिस्कमधलं वाचणारं हेड आतल्या पत्र्यांवर ओरखडे काढत असण्याची शक्यता असते, आणि ओरखडलेला भाग रिकव्हरीवाल्याच्या धूळमुक्त क्लीन रूममध्येही परत येत नाही. गल्लीतल्या दुकानात, माझ्याही, डिस्कचं झाकण उघडू देऊ नका. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, भोवती फोम गुंडाळून, डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्याकडे द्या. काय झालं आणि तुम्ही काय-काय दाबलं ते खरं सांगा. लपवलेला एक 'फॉरमॅट' त्याचे दोन दिवस खातो. तपासणीचे पैसे किती आणि फाइली न निघाल्यास काही द्यावं लागेल का, हे आधी लिहून घ्या.

बोर्ड अजून बदलला नसेल तर

कॅबिनेट उघडण्याआधी मी एवढं करतो. बाहेरच्या डिस्कवर कॉपी घेतो आणि त्यातल्या चार-दोन फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघतो. एन्क्रिप्शन चालू असेल तर बंद करतो, नाहीतर की कागदावर. टॅली असेल तर लायसन्स सरेंडर करायला लावतो आणि डेटाचा फोल्डर वेगळा घेतो. क्रोममधले पासवर्ड एक्स्पोर्ट करून घ्यायला सांगतो. क्रोमचा फोल्डर नुसता उचलून नेला तर पासवर्ड सोबत येत नाहीत. फॉण्टही घेतो. शिफ्ट धरून पूर्ण शटडाउन. मग प्लग काढून, नवं विंडोज टाकायचं असेल तर फोटोंच्या डिस्कची केबल आधीच सोडवून ठेवतो. सेटअपला ती दिसलीच नाही, तर तिच्यावर चुकून विंडोज पडत नाही. सगळं नीट चाललं तरी जुनी डिस्क मी महिनाभर पुसू देत नाही. वर चिकटपट्टी, त्यावर नाव नि तारीख, आणि खणात. माझ्या खणात आत्ता अशा ११ आहेत, त्यातल्या दोन कुणाच्या ते चिकटपट्टी निघाल्यामुळे मलाच कळत नाही.